साळवे सरांच्या कपाटातले देव

माझ्या लग्नाची पत्रिका साळवे सरांना नेऊन दिली, तेव्हा त्यांनी ती उभ्या उभ्याच उघडली, खिशातलं लाल पेन काढलं आणि पहिल्याच ओळीवर काट मारली. ‘श्री कुलस्वामिनीच्या कृपेने’ असं छापलेलं होतं. त्याच्या वर सरांनी बारीक वळणदार अक्षरात लिहिलं, ‘आईवडिलांच्या कष्टाने व मुलीकडच्यांच्या संमतीने.’ मग पत्रिका मला परत देत म्हणाले, “आता बरोबर आहे. किती वाजता यायचं?”

“सर, वेळ आत छापलीय.”

“तो मुहूर्त झाला. मी जेवणाची वेळ विचारतोय.”

लग्नाला मात्र ते सगळ्यांच्या आधी हजर. मांडवात खुर्च्या मांडल्या, म्हाताऱ्यांना हाताला धरून बसवलं, आचाऱ्याशी वाद घालून मठ्ठ्यातलं मीठ कमी करवलं. अक्षता टाकल्या नाहीत. तांदूळ पायदळी कशाला तुडवायचा म्हणून मूठभर अक्षता पँटच्या खिशात घालून घरी घेऊन गेले, आणि सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ती पँट तशीच धुवायला टाकल्यामुळं सरांचे सगळे पांढरे शर्ट पिवळसर निघाले.

पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत सरांनी तपासली नाही अशी पत्रिका शोधून सापडायची नाही. वास्तुशांत असो, बारसं असो, लाल पेन चालायचंच. लोकांनी कंटाळून त्यांना फोनवर आमंत्रण द्यायला सुरुवात केली, तर सर फोनवर दुरुस्त्या सांगायला लागले.

सर गणिताचे शिक्षक. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी पँट अजून छातीच्या जवळ बांधायचे आणि बोलताना हवेत खडू धरल्यासारखी दोन बोटं जुळवायचे. त्यांचं आवडतं वाक्य होतं, “आधी व्याख्या सांगा.” भाजीवाली म्हणाली, मेथी ताजी हाय, की हे म्हणणार, “ताजी म्हणजे? आधी व्याख्या सांगा.” एकदा ती वैतागून म्हणाली, “सकाळी जमिनीत व्हती आन आता टोपलीत हाय, ती ताजी.” सर इतके खूश झाले की घरात मेथी असताना त्यांनी आणखी दोन जुड्या घेतल्या आणि काकूंची बोलणी खाल्ली.

त्यांच्याबरोबर बाहेर जायची मला लाज वाटायची. एकदा बँकेत गेलो. साहेबांच्या टेबलावर काचेखाली गणपतीचा फोटो होता. सर वाकून तो बघत राहिले आणि भर कचेरीत विचारते झाले, “कर्जाला हे जामीन राहतात का?” येताना रिक्षा केली. आत आरशाभोवती चारी धर्मांचे झाडून सगळे देव चिकटवलेले. सर मागून पुढं झुकले. “इतके जण गाडी सांभाळतायत, तर मग ब्रेक कशाला बसवलाय?” रिक्षावाल्यानं ब्रेकच लावला आणि आम्हाला एका मंदिरासमोर भर उन्हात उतरवलं. घरापर्यंत सर मजेत बोलत चालले होते आणि मी चार पावलं मागं, ओळख नसल्यासारखा.

पण एक होतं. सर कुणालाच सोडत नसत, घरच्यांनाही नाही. सर बौद्ध. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा गावाकडच्या घरातले सगळे देव टोपलीत भरून गोदावरीत सोडले होते. ही हकीकत सर फार अभिमानानं सांगत. “टोपली रिकामी झाल्यावर बाप म्हणाला, आता हात मोकळे झाले, पुस्तक धरा.” इथं ते दर वेळी दोन्ही तळहात पुढं करून दाखवायचे. असं असलं तरी पौर्णिमेला काकू विहारात मेणबत्ती लावून आल्या की सर त्यांनाही विचारायचे, “बुद्धानं मेणबत्ती लावा असं कुठं सांगितलंय?” काकू शांतपणे म्हणायच्या, “रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा असंही सांगितलेलं नाही. मी रोज सांगते. तुम्ही ऐकता का?”

सरांची खरी जागा म्हणजे अक्रमभाईंच्या सलूनबाहेरचं बाकडं. रोज सकाळी दाढी असो-नसो, सर तिथं बसलेले. आणि शेजारी खंडूमामा.

खंडूमामा मूळचे बिडकीनकडचे. घरचा धंदा मेंढरांचा. तरुणपणी ते शहरात आले, एका कंपनीत वॉचमन म्हणून राहिले, आणि म्हातारपणी गल्लीमागच्या मोकळ्या प्लॉटवर चार शेळ्या पाळून होते. डोक्याला पांढरी टोपी, कपाळाला भंडारा. खंडोबाचं नाव घेतल्याशिवाय ते पाण्याचा घोट घेत नसत. अशी ही जोडी एका बाकड्यावर बसायची आणि देव आहे की नाही, यावर रोज भांडायची.

“असं बगा सर,” मामा म्हणायचे, “अंधारात मेंढरं घेऊन चाललो की मनात भ्याव असतंय. पण मागून मल्हारी येतोय असं वाटलं की पाय उचलतात.”

“वाटणं म्हणजे असणं नव्हे, मामा.”

“नसू द्या. पाय उचलले ना?”

“म्हणजे गरज आहे म्हणून ते खरं? मला मुख्याध्यापक व्हायची फार गरज होती.”

“मंग तुम्ही मागितलंच नाय कुणाकडं.”

सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली गिऱ्हाईकंसुद्धा हसायची. अक्रमभाई वस्तरा थांबवून विचारायचे, “आज कौन जीता?”

एकदा सरांनी मामांना चांगलंच पकडलं. म्हणाले, “तुमच्या शेळीचा तुमच्यावर भरवसा आहे. तिच्यासाठी तुम्हीच देव. आणि शेवटी तुम्ही तिचं काय करता? खाटकाला देता. मग देवावर भरवसा ठेवणाऱ्यानं कोणत्या आशेवर ठेवायचा?” मामा उठून शेळ्यांकडं निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकड्यावर बसायच्या आधीच म्हणाले, “देतो, ते खरं हाय. पण पाऊस आला की तिला आत बी म्याच घेतो. खाटीक घेत नाय.” सरांनी डोळे मिटून ते उत्तर मनात तपासलं आणि म्हणाले, “मुद्दा आहे. चूक आहे, पण मुद्दा आहे.”

चहा यायचा मामांच्या घरून. कौसामामी आणायच्या. ठेंगणी, सावळी बाई, कपाळावर हिरवं गोंदण. येताना लांबूनच विचारायच्या, “कोण हरलं आज?” जो हरला त्याला पहिला कप. बहुतेक वेळा तो मामांनाच मिळायचा. रविवारी मात्र चहाला उशीर व्हायचा. त्या दिवशी मामी देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, म्हणजे कुळाच्या देवांचे हाताच्या पंजात मावतील असे छोटे पत्रे, घासूनपुसून लख्ख करायच्या आणि करता करता त्यांना घरातलं सगळं सांगायच्या. कोणती शेळी गाभण आहे, लेकीचा फोन आला की नाही. सर म्हणायचे, “वहिनींचं मला आवडतं. त्या मागत नाहीत, नुसतं कळवतात.”

मग मामी आजारी पडल्या. पोटात दुखायचं, ते त्यांनी फार दिवस कुणाला सांगितलंच नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन गाठ असल्याचं सांगितलं आणि आणखी काही सांगितलं, जे मामांनी आम्हाला सांगितलं नाही.

एके दुपारी भेटायच्या वेळेला मी आणि सर डबा घेऊन गेलो. मामी डोळे मिटून पडल्या होत्या. मामा कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेले. दाढी वाढलेली, पण भंडारा लावलेला. आम्हाला बघून ते उठले आणि हळूच म्हणाले, “म्या खंडोबाला बोललोय सर. ही उठली की आपल्या शेजारच्या सातारा गावात, त्याच्या देवळाला अनवाणी जातो. जागरण घालतो. उठंल ती. माझं मन सांगतंय.”

सरांनी डबा खाली ठेवला आणि दोन बोटं जुळवली. ती बोटं बघूनच पुढचं मला कळलं. मी त्यांची बाही ओढली, पण उशीर झाला होता.

“मामा, समजा वहिनी बऱ्या झाल्या. श्रेय कुणाला? देवाला. समजा नाही झाल्या. दोष कुणाला? डॉक्टरला, नशिबाला. असं कसं चालेल? दोन्हीकडं एकच नियम लावा ना.”

बाजूच्या कॉटवरची बाई आमच्याकडं बघायला लागली. आणि मामींनी डोळे उघडले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

“सर,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी खोल गेलेला. “आज ह्यांना जिंकू द्या.”

इथं सरांनी ‘बरं’ म्हणायला पाहिजे होतं. काहीही म्हणायला पाहिजे होतं. पण सर म्हणाले, “वहिनी, प्रश्न जिंकण्याहरण्याचा नाही. तर्काचा आहे.”

मामींनी सरांकडं थोडा वेळ बघितलं. रागानं नाही. मग त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मामांनी पुढं होऊन त्यांच्या पायावरची चादर नीट केली. ती नीटच होती. मी फरशीकडं बघत उभा राहिलो. जिना उतरताना सर म्हणाले, “मी चुकीचं काही बोललो का?” मी म्हणालो, “नाही सर.” कारण चुकीचं ते काही बोललेच नव्हते.

त्याच आठवड्यात मामी गेल्या.

अंत्ययात्रेत सर सगळ्यांच्या मागं होते. कुठल्याही विधीवर एक अक्षर बोलले नाहीत. नंतर रोज सकाळी बाकड्यावर येऊन बसायचे. मामा येत नव्हते. शेळ्या ते मुकुंदवाडी स्टेशनच्या बाजूनं न्यायला लागले होते, म्हणजे सलूनवरून जावं लागू नये. अक्रमभाई एकदोनदा म्हणाले, “सर, मामूकू बुलाके लाऊँ?” सर मान हलवून नको म्हणायचे.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी मामा आपणहून आले. कपाळ मोकळं होतं. भंडाऱ्याशिवाय त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि ते कुणा दुसऱ्याच माणसाचं वाटत होतं. ते बाकड्यावर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले,

“सर, तुमचा सवाल म्या लई घोळवला डोक्यात. दोन्हीकडं एकच नियम लावून बगितला. तुमचंच खरं हाय. देव नाय. तुम्ही जिंकले.”

अक्रमभाईंचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. आज कोण जिंकलं, ते त्यांनी विचारलं नाही. या एका वाक्याची सरांनी किती वर्षं वाट बघितली असेल! पण त्यांचा चेहरा असा झाला, जणू भर वर्गात कुणी त्यांच्या थोबाडीत मारलीय. ते उठले आणि घरी गेले. पायातली चप्पल उलटसुलट घातली होती.

पुढं मामांचं खाणं सुटलं. लेक येऊन राहिली, परत गेली. शेळ्या वेळेवर सुटेनात. आणि मग आमच्या गल्लीनं असं काही बघितलं की कुणाचा डोळ्यांवर विश्वास बसेना. साळवे सर देवाच्या बाजूनं बोलायला लागले.

रोज सकाळी ते मामांना हाताला धरून बाकड्यावर आणायचे आणि तयारी करून आल्यासारखे सुरू व्हायचे. “मुद्दा पहिला. समजा, देव आहे.” आत गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन फिरवणारे अक्रमभाई बाहेर आले. “सर, तबियत ठीक है ना?” सरांनी त्यांना हातानंच गप्प केलं. “मामा, विश्वाला नियम आहेत. नियम आहेत तर ते करणारा असू शकतो. शक्यता शून्य आहे असं मी कधीच म्हणालो नव्हतो. दुसरं म्हणजे, दिसत नाही एवढ्यावरून नाही असं सिद्ध होत नाही. तिसरं...” तिसऱ्यापाशी ते अडकले. कपाळाला घाम आलेला. आयुष्यभर जी बाजू खोडून काढली, ती बाजू त्यांना उभी करता येत नव्हती. मी आतल्या खुर्चीत दाढीचा साबण लावून बसलो होतो. मला हसू यायला पाहिजे होतं. बाहेर बघवेना म्हणून मी डोळे मिटून घेतले.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ऱ्हाऊ द्या सर. तुम्हाला नाय जमत ते. खोटं बोलाया लागले की तुमचा आवाज बारीक व्हतो.”

त्यानंतर दोनेक दिवसांनी मामा सरांच्या दारात उभे राहिले. हातात फडक्याची गाठोडी. नळाला पाणी यायचा दिवस होता आणि सरांची मोटर अडली होती, म्हणून मी तिथंच पाना घेऊन बसलो होतो. मामांनी गाठोडी पुढं केली.

“हे काय?”

“देव हायती. घरातले. म्या गोदेवर गेलो होतो सोडाया. पाण्यात उतरलो बी. पण सोडवंना. घरात बी ठेववंना. तुम्ही ठेवा.”

“मामा, माझ्या घरात?” सरांचा आवाज चढला आणि लगेच पडला.

“दुसऱ्या कुणाकडं दिले तर ते पुजतील. मंग ते त्यांचे व्हतील. तुम्ही मानत नाय. तुमच्याकडं हायेत तसे राहतील.”

या युक्तिवादात खोट काढायला सरांनी दोन बोटं उचलली, पण बोटं तशीच खाली आली. त्यांनी दोन्ही हातांनी गाठोडी घेतली. मामा गेल्यावर ते ओसरीतच उभे राहिले. समोर भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि खाली वडिलांचा फोटो. सरांची नजर त्या फोटोवर जाईना. “सुमन,” ते हाक मारून म्हणाले, “बापानं घराबाहेर काढलेलं मी आत आणलं गं.” काकू बादली भरत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, “देव म्हणून आणलंत का?”

“नाही.”

“मग मित्राचं सामान आहे. ठेवा कपाटात. आणि मोटर बघा आधी, पाणी जाईल.”

सरांनी टाक कपाटात वरच्या फळीवर गणिताच्या जुन्या पुस्तकांशेजारी ठेवले. पहिल्यांदा आडवे ठेवले. मग ते घसरतात म्हणून उभे केले. मग पुस्तकांना धूळ असते म्हणून खाली धुतलेला रुमाल घातला. प्रत्येक वेळी ते मला कारण सांगत होते आणि मी मान डोलावत होतो.

वाद आता बंद झाला होता. पण सर रोज मामांकडं जायचे. काकूंनी दिलेली भाकरी न्यायचे, मामा ती खाईपर्यंत समोर बसून राहायचे. दुपारी त्यांच्याबरोबर शेळ्यांमागं जायचे. छातीपर्यंत पँट, डोक्यावर छत्री, हातात काठी, अशा थाटात गणिताचे निवृत्त शिक्षक रस्ता ओलांडताना शेळ्यांना ओळीत चालायला सांगताहेत, हे बघून लोक गाड्या थांबवायचे. पूर्वी मला त्यांच्याबरोबर चालायची लाज वाटायची. आता मी थांबून रस्त्यातली वाहनं अडवायचो.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडं वर्तमानपत्र मागायला गेलो. दार उघडंच होतं. सर जमिनीवर मांडी घालून बसले होते, समोर ताटलीत टाक, आणि हातात दात घासायचा जुना ब्रश. मला बघून ते इतके दचकले की ब्रश पडला. कान लाल झाले. वर्गात कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखे ते माझ्याकडं बघत होते.

“पूजा नाही ही,” घाईघाईनं म्हणाले. “देखभाल आहे. चांदी हवेतल्या गंधकामुळं काळी पडते. टूथपेस्ट त्याला चांगली.”

“हो सर.”

“रविवारीच करायला पाहिजे असं काही नाही. पण वहिनी रविवारी करायच्या.”

मी खाली बसलो. सरांनी एक टाक पुसून फडक्यावर ठेवला, दुसरा घेतला, आणि त्याच्याकडंच बघत बोलायला लागले. “तू होतास ना तिथं? माझं म्हणणं बरोबर होतं. आजही बरोबर आहे. नवसानं गाठ विरघळत नाही. पण त्या बाईनं माझ्याकडं काय मागितलं होतं? एक दिवस. तोही स्वतःसाठी नाही. आणि मी काय दिलं? माझ्यापाशी बरोबर उत्तर होतं, म्हणून देऊन टाकलं. तेवढ्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं रे.” त्यांनी टाक उलटा केला, मागून पुसला. “त्यांनी तोंड भिंतीकडं केलं, तेव्हा मला वाटलं, यांना मुद्दा पटला.”

त्या दिवशी ‘नाही सर’ म्हणालो होतो, ते आठवलं. वर्तमानपत्र न घेताच मी उठलो.

मामींचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या आसपासची गोष्ट. सकाळची वेळ. मी सरांच्या ओसरीत त्यांच्या मोबाईलमध्ये काहीतरी नीट करून देत बसलो होतो. मामा आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. कपाळ अजून मोकळंच होतं, पण तोंडावर जरा तजेला होता. ते सरळ म्हणाले, “सर, सामान न्यायला आलो.”

सरांनी कपाट उघडलं, रुमालासकट टाक आणून मामांपुढं ठेवले. टाक नुसते लखलखत होते. मामा बघतच राहिले.

“तुम्ही घासले?”

“गंधकामुळं...” सरांनी सुरुवात केली आणि सोडून दिली. “हो,” म्हणाले. मग घसा साफ करून विचारलं, “म्हणजे, मामा, देव आहे असं वाटायला लागलं का परत?”

प्रश्नात जुनी धार नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मामांनी मान हलवली. “ते मला आता म्हाईत नाय सर. हाय म्हणावं तर जीभ उचलत नाय, नाय म्हणावं तर घर खायला उठतंय. तुम्ही म्हणताल ते म्हणतो.” मग त्यांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि सोडवली. आत नवाकोरा चांदीचा टाक होता. लुगड्यातली बाई, हात जोडलेली. “हिचा करून घेतला. आमच्यात गेलेल्या माणसाचा करतेत, देव्हाऱ्यात बसवतेत. पण देव्हारा मोकळा पडलाय. ही एकटी कशी ऱ्हाईल तिथं? हिला बोलाया कुणीतरी लागतंय. म्हणून बाकीच्यांना न्यायला आलो.”

सर पुढं आले. मामांनी टाक त्यांच्या तळहातावर ठेवला. सरांनी चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघितला.

“गोंदण नाही आलं,” ते म्हणाले.

“व्हय. सोनाराला सांगितलं व्हतं. त्याला नाय जमलं.” मामा थांबले. “तुमच्या ध्यानात हाय गोंदण?”

सरांनी टाक मामांच्या ओंजळीत परत ठेवला, पण हात काढून घेतले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात काकू येऊन उभ्या होत्या. सरांचे गुडघे दुखायचे, बसताना ते नेहमी भिंत धरायचे. त्या दिवशी त्यांनी भिंत धरली नाही. मामांच्या दोन्ही हातांना धरून ते हळूहळू खाली वाकले आणि त्या ओंजळीवर कपाळ टेकलं.

“वहिनी, चुकलो,” ते म्हणाले.

मामांच्या हातावरून पाणी ओघळलं ते मला दिसलं. ते कुणाचं होतं हे मी बघितलं नाही. मोबाईल खाली ठेवून मी भिंतीकडं तोंड केलं.

“ऐकलं तिनं,” मामा म्हणाले.

सर डोकं न उचलता म्हणाले, “हो.”